डाळिंबाचं पहिलं पाणी

फोन आला तेव्हा मी आमच्या तारनाक्याच्या घराच्या मागच्या पायरीवर उभा होतो. दवाखान्यातून अंघोळीपुरता आलो होतो. सुमनचा स्वेटर घेऊन लगेच परतायचं होतं. पलीकडून आमची मुलगी रश्मी एवढंच म्हणाली, "पप्पा... आई गेली." समोर डाळिंबाचं झाड होतं, पानं गळून उघडं पडलेलं. त्याच्याकडे बघताना मनात आलं ते भलतंच... आता याला पाणी कधी घालायचं, ते कोण सांगणार?

कारण आदल्या संध्याकाळचं आमचं शेवटचं बोलणं तेच होतं. तोंडावरचा मास्क बाजूला सारून तिनं विचारलं होतं, "डाळिंबाला पाणी घातलं नाही ना तुम्ही?" मी नाही म्हणालो. "मी सांगेपर्यंत घालू नका," असं म्हणून तिनं डोळे मिटले. एवढ्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य हे असावं, याचा पहिले काही दिवस मला रागच आला.

सुमन परभणीकडची. तिचे वडील दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत सालगडी होते. घरी फळ यायचं ते तडकलेलं, बाजारात न खपणारं. पुढे ती शिकली, नर्स झाली, शहरातल्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात लागली. कर्ज काढून आम्ही हे घर बांधलं आणि मागे जी चिंचोळी जागा उरली, तिला ती पहिल्या दिवसापासून 'माझं शेत' म्हणू लागली. डाळिंबाचं रोप तिनं कोठीहून बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं. थंडीत जाम, म्हणजे तुमचे पेरू, उन्हाळ्यात अंजीर, पाऊस सरता सरता सीताफळं, ती तांदळाच्या डब्यात पिकायला पडायची. गेटाजवळच्या देशी बदामाची फळं वाळली की ती दगडानं फोडायचं काम माझं. बोटं ठेचून घ्यायची आणि हाती येणार नखाएवढा गर. "रेल्वेतल्या साहेबांना एवढं जमलं तरी खूप झालं," असं म्हणत ती तो तोंडात टाकायची.

डाळिंबाचं सगळं मात्र तिच्याच हातात. थंडी पडली की ती त्याचं पाणी तोडायची. बागवाले याला झाड ताणावर सोडणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग योग्य वेळी पाणी दिलं की ते एकदम बहरतं. एका वर्षी शेजारच्या तेलुगू लक्ष्मीगारूंना ते बघवेना. "अय्यो, चेट्टू एंडिपोतुंदी!" झाड वाळतंय, म्हणत त्यांनी भिंतीवरून पाइप सोडला. सुमन धावत बाहेर आली. "नक्को अम्मा, मरता नै वो. जरा प्यास लगने दो, तबीच फूल आते!" त्या वर्षी फुलं धड आली नाहीत, आणि लक्ष्मीगारूंना पुढे कितीतरी दिवस टोमणे ऐकावे लागले.

फळं आली की गल्लीभर वाटली जायची. पण पहिलं, कुठेही न तडकलेलं डाळिंब तिचं. ते घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची आणि एकटी, सावकाश, सगळं संपवायची. मी शेजारीच बसलेला असायचो. मला एक दाणा मिळायचा नाही. एरवी आपल्याला कुणी असं दाखवून दाखवून खाल्लं तर राग यायला हवा. मला तिच्याकडे बघत बसायला आवडायचं.

सुमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. लक्ष्मीगारू झाडाकडे बघून म्हणाल्या, "अम्मा के पीछे ये भी चले गया." रश्मीनं मला कुकटपल्लीला तिच्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं होतं, घर भाड्यानं द्यायचं आणि वाळलेलं झाड काढून तिथं भाडेकरूची स्कूटर. मी म्हणालो, "झाड वाळलेलं नाही. पाणी घालायचं राहिलंय." "मग घाला ना, पप्पा." "तिनं सांगितलं नाही अजून." रश्मीनं माझा हात धरला. मग हळूच म्हणाली, "पप्पा... आई आता नाही सांगणार."

मला कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. तोवर मी रडलो नव्हतो, तेव्हा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडापाशी गेलो. सुमन नखानं फांदीची साल खरवडून बघायची, तशी खरवडली. आत हिरवं होतं. बुंध्याभोवतीची माती हलवली, शेणखत घातलं. पहिलं पाणी हलकं द्यायचं. उपाशी माणसापुढे एकदम भरलेलं ताट ठेवतात का, असं ती नर्सच्या आवाजात विचारायची. मी बादलीतून तांब्या-तांब्यानं दिलं. रश्मी पायरीवर उभी राहून बघत होती. भाड्याचं पुन्हा बोलली नाही.

परवा शेंड्यांवर लाल कळ्या दिसल्या. मी लक्ष्मीगारूंना हाक मारली, तर त्या भिंतीपलीकडे पदर डोळ्यांना लावून उभ्याच होत्या.

आता फळ धरेल, पावसाच्या सुमाराला पिकेल. त्यातलं न तडकलेलं पहिलं डाळिंब मी फोडीन, मागच्या पायरीवर ती बसायची त्या जागी ठेवीन आणि शेजारी बसेन. त्यातला एक दाणाही घेणार नाही. पहिलं डाळिंब तिचं असतं.