लाल नेलपॉलिशचे ठिपके

काल नेलपॉलिशची नवी बाटली उघडली आणि त्या उग्र वासाबरोबर भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरातला जुना कॉम्प्युटर आठवला. तो चालता चालता मधेच बंद पडायचा. आई म्हणायची, नवा घ्या. बाबांना मात्र ‘नवा घ्या’ म्हणणारा दुकानदार कमिशनखाऊ वाटायचा आणि ‘दुरुस्त होईल’ म्हणणारा पार्टचोर. अखेर जवळच्याच अयोध्या नगरचा एक मेकॅनिक तो दुकानात न्यायला येणार असं ठरलं, तेव्हा बाबांनी आईची लाल नेलपॉलिश मागून घेतली. ते कारखान्यात तपासणी विभागात होते; तिथे तपासलेल्या प्रत्येक भागावर रंगाचा ठिपका देत. तसाच त्यांनी कॅबिनेट उघडून आतल्या एकेका भागावर दिला. चार दिवसांनी मेकॅनिक कॉम्प्युटर घेऊन आला. बाबांनी टॉर्च मारून आत पाहिलं. सगळे ठिपके जागेवर होते, आणि नव्याने बसवलेल्या पॉवर सप्लायवरही एक होता, अगदी तसाच लाल. “वो मैंने लगा दिया, साहब,” मेकॅनिक सहज म्हणाला, “टाउनशिप में सब लगाते हैं, तो शीशी दुकान पे ही रखता हूँ।” तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले, “म्हणजे आता यातले माझे कुठले आणि त्याचे कुठले?” पुढच्याच महिन्यात त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला. जुना शेजाऱ्यांना दिला. त्यांच्याकडे तो पाच वर्षं बिनतक्रार चालला. माझा लॅपटॉप आता दुरुस्तीला द्यायचाय. कालची बाटली त्यासाठीच आणली. रंग मात्र हिरवा आहे, सहसा कुणाकडे नसेल असा, तीन दुकानं फिरून मिळवलेला.