कोरड्या दोरीच्या गाठी

आमच्या भावोजींना कुणी "धबधबा केवढा आहे हो?" असं विचारलं की ते चपला शोधायला लागायचे. पाहुणे आले की हा प्रश्न यायचाच, कारण आमच्या गावाजवळचा धबधबा देशात सगळ्यांत उंच आणि तो मोजणारा माणूस याच घरातला. पाहुणा कौतुकाने विचारायचा, ताई अभिमानाने नवऱ्याकडे बघायची आणि भावोजी वाकून चपला शोधत म्हणायचे, "बोर्डावर लिहिलंय. जाऊन बघा." मग पाहुण्यांना तिकडे न्यायचं काम माझ्यावर यायचं. तीस वर्षांत मी तो धबधबा इतक्या वेळा पाहिला की पुढेपुढे मी पाण्याकडे पाठ करून बाकावर बसायचो. भावोजी एकदाही आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. गुडघे दुखायला लागले त्याच्या आधीपासून म्हणायचे.

ते मोजणी कचेरीत साखळीवाले होते. कागदावर आकडा लिहायचा साहेबांनी, पण त्या आकड्यासाठी चिखलातून, काट्यांतून साखळी ओढत न्यायची ती यांनी. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबून वर बघितलं आणि म्हणाले, "ही चौकट डावीकडे जरा उतरलीय." माझे वडील सुतार, चौकट त्यांच्या हातची. ताईचं लग्न तिथेच फिसकटायचं. पण भावोजी गेल्यावर वडिलांनी गुपचूप ओळंबा लावून बघितला आणि चौकट खरंच उतरलेली निघाली. मग आईला म्हणाले, "माणूस खडूस आहे. पण दे पोरगी."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी लॉजवाले घरी आले. धबधब्याच्या वाटेवर त्यांचं मोठं लॉज आहे आणि धबधबा समितीचे अध्यक्षही तेच. मी तेव्हा तिथे होतो. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून चारचा चहा मी ताईकडेच घेतो.

"काका, पलीकडच्या जिल्ह्यातल्या धबधब्यावाल्यांनी अर्ज ठोकलाय," लॉजवाले म्हणाले. "म्हणतात, आमचाच उंच, तुमचं माप चुकलंय. कचेरी आपल्याकडे पुरावा मागतेय, की मोजणी नीट झाली होती. आता साहेब वारले, ड्रायव्हर वारला, खाली झेंडा धरून बसलेला तोही गेला. तुम्हीच उरलात."

"थोडी वाट बघितली असती तर मीही गेलो असतो," भावोजी म्हणाले.

लॉजवाले हसले आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सदर मोजणी योग्य ती सर्व तयारी करून पार पडली, असे मी स्वतः हजर असल्याने सांगतो. खाली सहीसाठी रेघ. भावोजींनी तो दोनदा वाचला.

"हे 'योग्य ती सर्व तयारी' कुणी घातलं?"

"वकिलाने. बरं दिसतं ते."

"तीन दिवसांनी या."

"एका सहीला तीन दिवस?"

"चष्मा बदलायचाय."

"मागच्याच महिन्यात तर बदललाय," ताई आतून म्हणाली. भावोजींनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि लॉजवाले उठले.

सही झाली तर आमचा धबधबा पहिला राहणार होता, नाही झाली तर दुसरा. हे कुणाला फार मोठं वाटणार नाही. पण आमच्या गावात 'देशातला सर्वांत उंच' हे शब्द लॉजवर आहेत, रिक्षांच्या मागे आहेत, लाँड्रीच्या पिशवीवरसुद्धा आहेत. माझा भाचा, म्हणजे भावोजींचा एकुलता एक मुलगा, धबधब्याच्या पायऱ्यांपाशी रेनकोट भाड्याने देतो. त्याच्या पाटीवरही तेच आहे. बसगाड्या पहिल्या नंबरासाठी वाट वाकडी करतात, दुसऱ्यासाठी करत नाहीत.

लॉजवाले गेल्यावर भावोजी मला घेऊन गॅलरीत आले आणि कठड्याला टेकून, समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांकडे बघत त्यांनी मला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

इतका उंच कडा मोजायचा तर तागाची दोरी लागायची. दर मीटरला एक गाठ. वरून दोरी सोडायची, टोकाला लोखंडी वजन, आणि ते खाली डोहाला टेकलं की खालच्या माणसाने झेंडा हलवायचा. मग किती गाठी खाली गेल्या ते मोजायचं. पण तागाची दोरी भिजली की आखडते. म्हणून ती आधी पूर्ण दिवस पाण्यात ठेवायची आणि ओली असतानाच गाठी मारायच्या. धबधब्याच्या तुषारांत ती भिजणारच, तेव्हा भिजलेल्या दोरीचंच माप धरायचं. ही पद्धत भावोजींना त्यांच्या वस्तादाने शिकवली होती आणि त्यांनी ती कधी मोडली नव्हती.

"त्या वेळी दोरी कोठारातून मिळाली आदल्या दिवशी पाच वाजता," ते म्हणाले. "कारकून रजेवर होता, किल्ली त्याच्याकडे. सकाळी सहाला जीप निघणार. भिजवणार कधी? मी आठवडाभर दुसऱ्या कामावर होतो, पाय सुजलेले. कोरडीच घेऊन बसलो आणि गाठी मारल्या."

"आणि साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. मोजून झाल्यावर. तीनशे सतरा गाठी भरल्या. पलीकडचा तीनशे नऊ. साहेबांचा चेहरा असा फुलला. मी म्हटलं, साहेब, दोरी कोरडी बांधलीय. तर म्हणाले, मग काय झालं, आता ओली आहे ना?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"मी पुन्हा बोललो नाही. थकलो होतो. वाटलं, उद्या सांगू नीट. उद्या पेपरात आलं."

"असा किती फरक पडला असेल?"

"तेच तर माहीत नाही. दोरी आखडली म्हणजे गाठी जास्त भरल्या, एवढं नक्की. पण किती? चार जास्त असतील तर आपलाच पहिला. दहा असतील तर नाही. तीस वर्षं मी हे कधी बघितलं नाही. बघता आलं असतं. एक बादली पाणी लागलं असतं."

मी म्हटलं, "चहा निवला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजारातून तशीच तागाची दोरी आणायला लावली. दहा मीटरवर कोरड्या गाठी मारल्या आणि न्हाणीघरातल्या टबात बुडवून ठेवली. ताई ओरडली की धुणं कुठे भिजवू, तर म्हणाले, "एक दिवस कळ काढ." आणि त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती ओली, जड दोरी घेऊन आम्ही जिन्यात आलो. त्यांची इमारत चार मजली आहे आणि जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. वजन लावून दोरी उभी सोडायची, म्हणजे ओढही धबधब्यावर होती तशी बसेल. भावोजी वर, ताईला दोरीचं टोक धरायला उभं केलेलं, आणि मी खाली वीट बांधून, वरून सोडलेल्या लांब मोजपट्टीचं टोक घेऊन.

तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि थबकल्या. "काका, जिन्यात विहीर काढताय की काय?"

"पाणी लागलं तर तुम्हाला पहिला हंडा," भावोजी वरून म्हणाले.

"मला हे कशासाठी धरायला लावलंय ते तरी सांगा," ताईचा आवाज आला. "हात भरून आले माझे."

"सांगतो. आधी खालून आकडा येऊ दे."

मी पट्टी लावली. माझी नजर आता अधू आहे, म्हणून पुन्हा लावली, मग शिक्षिकाबाईंना बघायला सांगितलं. दहा मीटरच्या जागी नऊ मीटर सत्तर भरत होती. मी वर ओरडून सांगितलं. वरून भावोजींचं पुटपुटत आकडेमोड करणं ऐकू आलं. त्यांना कागद लागत नसे, तोंडीच चालायचं सगळं. तीनशे सतरामधून साडेनऊ गेले. उरले तीनशे सात, वर अर्धा. पलीकडच्यापेक्षा दीड मीटर कमी.

"सोड आता," ते ताईला म्हणाले.

वर गेलो तेव्हा ताई पायरीवर बसली होती, हाताला दोरीचे वळ, आणि भावोजी तिला सगळं सांगत होते. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं आणि तुम्ही चपला शोधत बसलात."

"हो."

"दीड मीटर म्हणजे केवढं?"

त्यांनी तिला उभं केलं आणि तिच्या डोक्याशी हात धरून दाखवला.

"माझ्याएवढंच?" ती म्हणाली. "माझ्याएवढ्यासाठी पोराच्या पोटावर पाय देणार?"

त्यांनी ओली दोरी गुंडाळायला घेतली. संध्याकाळी भाचा आला. त्याला ताईने फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे तो तयारीनेच आला होता.

"बाबा, कुणी विचारलंय का तुम्हाला दोरीचं?"

"सही मागितलीय ना."

"मग नका करू. गुडघ्यांबरोबर हातही दुखतो म्हणून सांगा. समिती दुसरं काहीतरी बघेल. पण स्वतः होऊन चूक झाली म्हणून लिहून देऊ नका. हंगाम तोंडावर आलाय, दोनशे नवे रेनकोट उचललेत मी."

"मी गप्प बसलो तरी ते सहीसारखंच. एकदा गप्प बसून बघितलंय मी."

"तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

"काही नाही," भावोजी म्हणाले. "काही मिळवायला करत नाही. दमलोय रे. कुणी दार वाजवलं की मला वाटतं, विचारायलाच आलंय."

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तू तरी बोल."

मी म्हटलं, आकडा मी दोनदा बघितलाय. हे काही बोलणं नव्हे हे मला कळतं, पण तेच तोंडातून आलं. भाचा चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी लॉजवाले आले तेव्हा त्यांचा टाइप केलेला कागद सहीविनाच परत मिळाला आणि सोबत भावोजींच्या हातचं एक पान. दोरी का कोरडी होती, किती आखडते, जिन्यात कसं मोजलं, आणि खरं माप अंदाजे तीनशे साडेसात, खात्री करायची तर पुन्हा मोजावं. साहेबांचं नाव कुठे नव्हतं. कारकुनाच्या रजेचाही उल्लेख नव्हता. गाठी मी मारल्या, एवढंच.

लॉजवाल्यांनी वाचून घडी घातली. "काका, हे मी पाठवणार नाही."

"माहीत होतं. म्हणून याची दुसरी प्रत सकाळीच टपालात टाकलीय. हा घेऊन गेला."

हा म्हणजे मी. लॉजवाले माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेले त्यानंतर मी महिनाभर त्या रस्त्याने फिरायला गेलो नाही.

कचेरीचं उत्तर पाच महिन्यांनी आलं. आपल्या कळवण्याची नोंद घेतली आहे, पुनर्मोजणी होईपर्यंत यादीत सदर धबधबा दुसऱ्या क्रमांकावर दाखवण्यात येईल. पुनर्मोजणी अजून झालेली नाही. समितीने बोर्डावरचा आकडा पुसला आणि लिहिलं, 'देशातील सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक'. रिक्षावाल्यांनी काहीच बदललं नाही. त्या हंगामात बसगाड्या कमी आल्या. भाच्याचे निम्मे रेनकोट घडीचेच राहिले आणि तो वडिलांशी आईमार्फत बोलू लागला. "आई, त्यांना सांग, गॅस संपत आलाय." भावोजी शेजारच्याच खुर्चीत असायचे. अजूनही थोडं तसंच चालू आहे. हल्ली कधीतरी चुकून थेट बोलतो.

मागच्या वर्षी ताई एकदम म्हणाली, "मला तो पलीकडचा दाखवा. ज्याच्यासाठी हे सगळं केलंत, तो तरी बघू." म्हणून आम्ही तिघं गेलो. सहा तासांची बस, मग एक जीप, मग तिकिटाची रांग. उतरायला चारशे पायऱ्या होत्या. आम्ही साठ उतरलो आणि पहिल्या कठड्यापाशी टेकलो. तिथून धबधब्याचा वरचा अर्धा भाग दिसत होता, खालचा झाडीत गेला होता. लोक आमच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, त्यामुळे तो अर्धाही सलग दिसत नव्हता. ताई पाय चोळत होती.

"आपल्यासारखाच आहे," ती म्हणाली.

"दीड मीटरने उंच आहे."

"दिसत नाही तेवढं."

"दिसत नाहीच. मोजावं लागतं."

कठड्याजवळ पहारेकरी स्टूल टाकून बसला होता. भावोजी उठून त्याच्याकडे गेले. चालताना एक हात कठड्यावर होता. "हा कुणी मोजला हो?"

"काय की. बोर्डावर लिहिलंय," पहारेकरी म्हणाला.

"कधी मोजला, कशाने मोजला, काही माहिती?"

"आजोबा, मी इथे चार वर्षं आहे. असं कुणी विचारत नाही. जेवायचं कुठे आणि संडास कुठे, एवढंच विचारतात."

भावोजी परत येऊन आमच्याशेजारी बसले. पाण्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत होतं आणि त्यांनी ते बोलू नये असं फार वाटत होतं.

"त्यांचीही दोरीच असणार," ते म्हणाले. "त्या काळी दुसरं काय होतं. भिजवली होती की नाही, कोण सांगणार."

"आता यांना पत्र लिहायचं नाही," ताई म्हणाली.

"नाही लिहीत. ती माझी गाठ नव्हे."

मग ती उठली आणि त्यांना उठायला तिने हात दिला. वर जायच्या साठ पायऱ्यांना आम्हाला अर्धा तास लागला. दर दहा पायऱ्यांवर थांबत होतो. परतीच्या बसमध्ये भावोजींच्या शेजारी बसलेल्या माणसाने, आम्ही कुठले ते कळल्यावर, विचारलं, "तुमच्याकडेही मोठा धबधबा आहे ना? केवढा आहे हो तो?"

"तीनशे सात मीटर," भावोजी म्हणाले. "आणि वर अर्धा. दुसरा आहे देशात." आणि सीटच्या पाठीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.