लाल कापडातली कादंबरी

तन्वी पोथी ऐकत गेली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी तिच्या काकांनी पोस्ट टाकली. हार घातलेला फोटो, आणि खाली लिहिलंय, "आमची तन्वी शेवटच्या दिवसांत वाह्यात पुस्तकांचा नाद सोडून भक्तीकडे वळली. पोथीचं श्रवण करत शांतपणे गेली."

त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आहे.

वर्षभर मूग गिळून बसले. आज नाही.

तन्वी माझी मैत्रीण. बोरीवलीत एकाच बिल्डिंगमध्ये, ती वर, मी खाली. तिचे बाबा लवकर गेले. तेव्हापासून ती आणि काकू, म्हणजे तिची आई, या काकांच्या घरात राहायच्या. घर काकांचं, त्यामुळे शब्दही काकांचाच.

कॉलेजला आमच्या सगळ्यांच्या सॅकमध्ये तेव्हा एकच कादंबरी असायची. इंग्रजी, तीन भाग. एक देश असतो. तिथलं सरकार पोरांना निवडून भिंतीपलीकडे पाठवतं आणि कुणी परत येत नाही.

एक पोरगी परत येते. सरकारला खाली खेचायला.

तन्वी त्या पोरीवर फिदा होती. "यार, हिला आपल्या सोसायटीत आणू या ना," म्हणायची. रोख कुणावर होता ते सांगायला नको.

तिसरा भाग अर्धा झाला आणि ती आजारी पडली. ब्लड कॅन्सर.

ती अ‍ॅडमिट असताना काकांनी तिन्ही भाग रद्दीत घातले.

"पोरां मारूची पुस्तकां ती," ते काकूंना म्हणाले. "असलां वाचूनच ह्यां दुखणां लागलां. घरात नको."

काकू काय बोलणार? डोक्यावरचं छप्पर काकांचं.

मला कळलं तेव्हा या माणसाचा गळा धरावासा वाटला. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो. पोरगी सलाईन लावून पडलीये आणि हे तिचा एकुलता एक आनंद रद्दीवाल्याच्या तराजूत टाकून आले.

मग काकांना सप्ताह सुचला. हॉस्पिटलात तन्वीच्या उशाशी सात दिवस पोथी वाचायची. त्यांचे डोळे अधू, म्हणून मला बोलावलं.

"मानसी, तुझां वाचन स्पष्ट आसा. रोज दुपारी येवन बस तिच्याकडे. मी भायर जप करतंय."

आत एकाच माणसाला सोडायचे, ते माझ्या पथ्यावर पडलं. मी लगेच हो म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी मालाडला जाऊन तिसरा भाग नवा विकत घेतला.

पोथीवर माझा राग नव्हता. ती मी स्वच्छ रुमालात बांधून तिच्या खाटेशेजारच्या कपाटात नीट ठेवली. पोथीच्या लाल कापडात गुंडाळली ती कादंबरी.

अडचण एकच. दार उघडं असायचं आणि काकांचे कान तिखट. इंग्रजी ऐकू गेलं असतं तर माझी वाट लागली असती. म्हणून मी वाचता वाचता मनात मराठी करायचे आणि पोथीच्या चालीत म्हणायचे.

"मग ती कन्या काय करी। भिंतीवरी चढे सत्वरी। रक्षक झोपले द्वारी। कोणा न कळे॥"

तन्वी उशीत तोंड खुपसून हसायची. "मने, बास ना, सुई निघेल माझी!"

ज्या दुपारी त्या पोरीने हुकूमशहाला खाली खेचलं, त्या दुपारी मी इतकी रंगात आले की आवाज चढला. बाहेरून काकांचा आवाज आला, "वा गो! आज अध्याय रंगलो!"

आणि त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. सरकार पडलं त्याला.

सातव्या दिवशी पुस्तक संपलं. बाहेर काकांनी सप्ताह पूर्ण झाला म्हणून नर्सेसना पेढे वाटले. आत तन्वी भडकलेली.

"हा काय शेवट आहे? ती सगळ्यांना माफ करते? येडी आहे का?"

मी म्हटलं, "मोठ्या मनाची आहे गं."

"मी नाहीये."

मग तिने माझं मनगट धरलं. हातात ताकद उरली नव्हती, तरी मला ते सोडवता येईना.

"मी काय ऐकलं ते काकांना सांगायचं. सगळ्यांसमोर. पण आईची सोय झाल्यावर. तोवर तोंड उघडलंस तर बघ."

त्याच आठवड्यात ती गेली.

काकू आता घाटकोपरला असतात, भावाच्या शेजारी खोली घेऊन. नोकरी करतात. मघाशी मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं, पोस्ट टाकू का विचारलं. इतक्या हसल्या की रडायलाच लागल्या.

"टाक गो बाय," म्हणाल्या. "आता मी कोणाक भियत नाय."

तेव्हा काका, तुम्हाला टॅग केलंय. चष्मा लावून वाचा.

तुमची पुतणी कुठेही वळली नव्हती. तुम्ही रद्दीत घातलेलं पुस्तक तिने शेवटच्या पानापर्यंत ऐकलं. दाराबाहेर पहारा तुम्हीच दिलात. पेढेही तुमचेच.

काही जण म्हणतील, आजच्या दिवशी हे कशाला काढलंस? कारण माणूस गेला म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं नसतं.

बरं वाटतंय मला. खूप बरं वाटतंय. फक्त हे वाचायला ती नाही, आणि तो राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही.

तन्वी, भावपूर्ण वगैरे तुझ्या काकांनी लिहिलंय. माझ्याकडून एवढंच.

सांगितलं गं. सगळ्यांसमोर.