सेलमधला पलंग आणि टेंपोवाले काका

मंडळी, आज एका माणसाने माझे पैसे वाचवले. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई रविवारी घरी येणार. त्यांना आता खाली गादीवर झोपवणं शक्य नाही. म्हणून खोपोलीतल्या एका दुकानाच्या क्लिअरन्स सेलला गेले. सामान आणायला कर्जतहून शांतारामकाकांचा टेंपो ठरवला. भाड्यावरून त्यांच्याशी बरीच घासाघीसही केली.

निम्म्या किमतीत चकचकीत पलंग! मी पैसे काढले, तेवढ्यात काका खाली वाकून म्हणाले, "ताई, जरा इकडं बघा. दाबलेला भुसा हाय हा. आपल्याकडच्या पावसात फुगतो. गेल्या वर्षी असले दोन मीच भंगारात नेऊन टाकले."

दुकानदार काकांवर भडकला. "परत सामान न्यायचं भाडं मागायला येऊ नकोस इथे!"

काकांनी कोपऱ्यातला एक लोखंडी पलंग गदागदा हलवून बघितला. रंगावर ओरखडे होते, म्हणून तो आणखी स्वस्त. शिवाय चांगला उंच, सासूबाईंना सहज उठता-बसता येईल असा. तोच घेतला.

घरी पलंग लावून झाल्यावर मी काकांना जास्तीचे पैसे देऊ लागले. त्यांनी ठरलेले तेवढेच मोजून घेतले. "बाकीचे राहू द्या. आजींना संभाळा."

सकाळी भाडं ठरवताना याच माणसाला मी म्हणाले होते, "तुम्ही टेंपोवाले नुसते लुटता."

तुमच्या तोंडून असं काही निघून गेलंय का कधी? मग माफी कशी मागितलीत? मला आज जमलं नाही.