माझ्यासाठी नका थांबू

पुढं रुळावर झाड पडल्यानं पुण्याची लोकल अडकली होती आणि रस्ता सुट्टीच्या गाड्यांनी तुंबला होता. लोणावळा मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून चिक्की घेऊन मजेत फलाटावर बसले. शेजारची पन्नाशीतली बाई मात्र बसेना. कडेला जाऊन, वाकून गाडी बघायची, परत यायची, पुन्हा जायची.

तिचा फोन वाजला. आंदर मावळातल्या तिच्या माहेरी आई वारली होती आणि लेकीसाठी सगळे खोळंबले होते.

"उचला तिला, दादा," ती म्हणाली. "माझ्यासाठी नका थांबू."

थोड्या वेळानं तिनं पिशवी माझ्याकडं दिली आणि फलाटावरच्या नळाखाली डोकं धरलं. सुतकाची अंघोळ तिनं तिथंच उरकली. निथळत येऊन पहिल्यांदाच बाकावर टेकली.

"आमच्याकडं एस्टीचा नेम न्हाई, ताई. मी येनार म्हनलं की आई सकाळधरनं फाट्यावर उभी. जलमभर थांबली माझ्यासाठी. आज मीच नको म्हनलं."

चिक्की माझ्या हातात तशीच राहिली.

लोकल आली तसे सगळे धावले. ती सावकाश उठली, ओला पदर पिळला आणि सगळ्यांत शेवटी चढली.