पोराला बसायला शिकवताना

अमेरिकन फुटबॉलमधला एक नियम समजायला मला अख्खा सीझन लागला. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा सूत्रधार, चेंडू घेऊन पळत सुटला आणि समोरून हत्तीएवढी पोरं अंगावर आली, की त्याने पाय पुढे करून सरळ घसरत जमिनीवर बसायचं. बसलेल्याला कुणी धक्का मारायचा नाही. केवढा हा सुसंस्कृतपणा! आमच्या गावच्या मैदानात असं कुणी बसला असता, तर त्याला भोंडल्याला पाठवलं असतं.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, इथे अमेरिकेतल्या डब्लिनमध्येच जन्मलेला, शाळेच्या ज्युनिअर टीमचा क्वार्टरबॅक. इतर मराठी घरांतली मुलं स्पेलिंग आणि रोबोटिक्समध्ये नाव काढतात. आमच्या चिरंजीवांनी हा मार्ग धरला. आणि नेमकं त्याला बसता येत नव्हतं. समोर दोघं दिसले, की हा गडी हात लांब करून, डोकं पुढे घालून झेप घ्यायचा. कोचने मला विचारलं, "हे याला शिकवलं कुणी?"

मी बुटांच्या नाड्या बघत राहिलो. शिकवलं मीच. तो पाच वर्षांचा असताना बेसमेंटच्या कार्पेटवर टेप चिकटवून मी त्याला कबड्डी शिकवली होती. संस्कार नकोत का? पकडीत सापडलास तरी हात लांब कर, जीव गेला तरी चालेल, पण रेषेला बोट लागलं पाहिजे. हे सांगणारा मी कोण, तर व्हिसाच्या काळजीने दहा वर्षं एकाही मीटिंगमध्ये मान वर न केलेला इसम. मॅनेजरचा आवाज चढला की मी सगळ्यांच्या आधी बसायचो.

मागच्या सीझनला त्या झेपेत दोघांचे खांदे एकदम त्याच्या डोक्यावर आले. कन्कशन, म्हणजे मेंदूला मार. तीन आठवडे खोलीचे पडदे ओढलेले, फोन बंद, पुस्तक बंद. सुरुवातीला तर वरणभातही पोटात ठरत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर खेळ जाईलच, पण डोक्याचंही काही सांगता येणार नाही. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

मग उन्हाळाभर मागच्या अंगणात निळी ताडपत्री. बायको पाइपने पाणी सोडायची, मी अंगावर धावून जायचो, तो घसरायचा. "दोन पावलं आधी बस! आधी!" मी ओरडायचो. शेजारच्या आजीबाई एकदा कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या, मुलाला कसली शिक्षा चालली आहे म्हणून.

सीझनचा शेवटचा सामना शनिवारी सकाळी होता. आम्ही थोड्याच गुणांनी मागे, शेवटची संधी. कुणी मोकळं दिसेना, म्हणून पोरगा स्वतःच पळत सुटला. कडेच्या नारिंगी काठीच्या रेषेपर्यंत पोचला असता, तर चेंडू आमच्याकडे राहिला असता आणि आणखी संधी मिळाली असती. काठी दोन पावलांवर असताना समोरून दोघं आले. मी बाकावर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "हात टाक! रेषेला हात टाक!"

त्या मैदानात मराठी कळणारी माणसं तीन. त्यांतल्या एकीने माझ्याकडे कसं पाहिलं, ते मी लिहीत नाही.

पोरगा बसला. पाय पुढे, चेंडू पोटाशी, ताडपत्रीवर बसायचा तसाच. ती दोन धुडं त्याच्यावरून उडी मारून पलीकडे गेली. आम्ही हरलो. मागच्या बाकावरच्या एका बापाने "सॉफ्ट" असा शेरा मारला. त्याचा मुलगा पाण्याच्या बाटल्या वाटत होता.

घरी निघालो. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. शेवटी मीच म्हणालो, "गोंगाट फार होता ना? काही ऐकू आलं नसेल तुला."

"आय हर्ड यू, बाबा," तो मागून म्हणाला. "आय ऑलमोस्ट डिड इट."

मी गाडी कडेला घेतली. बायकोने आपला पट्टा सोडला आणि माझ्या बाजूचं दार येऊन उघडलं. "तिकडे बस, मी चालवते."