चेन्नईच्या समुद्रात सूर्य बुडत नाही

मंडळी, आज चेन्नईतच वाढलेल्या माझ्या मामेभावानं मला पार फसवलं.

सकाळपासून आम्ही दोघं बाइकवर किनारा फिरत होतो. जाळी विणणाऱ्यांपाशी मी तासभर रेंगाळलो, तरी संध्याकाळी वेळेत वाळूत येऊन बसलो. कधीच समुद्र न पाहिलेल्या आईला बुडता सूर्य दाखवायचा होता.

व्हिडिओ कॉलवर आई नवी साडी नेसून बसलेली. सूर्य काही दिसेना.

"दादा, मागं बघ की!" भाऊ खिदळला. सूर्य कधीच इमारतींमागं गेला होता. इथं समुद्र पूर्वेला! ह्याला सकाळपासून माहीत होतं, आणि हा माझी फजिती शूट करत बसला.

"असू दे, पाणी तरी दाखव," आई म्हणाली. तोवर पाणीही दिसेना.

मला हसा, चालेल. पण स्वतःच्या आत्याला असं ताटकळत ठेवणाऱ्याला तुम्ही माफ केलं असतं?